विश्लेषण : गर्भवतीच्या रक्तात विषाणू आढळला म्हणजे धोका असतोच का?

गर्भातील बाळाच्या गुणसूत्रांत दोष असण्याची शक्यता आईच्या रक्तावरून तपासणारी ‘एनआयपीटी’ चाचणी आता भारतातील अनेक शहरांत होते. या रक्तात आई आणि वारेच्या डीएनएच्या तुकड्यांबरोबर विषाणूंचे तुकडेही सापडतात. चीनमधील १,४१,४३१ गर्भवतींच्या अशा चाचण्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात विषाणूंचाही मागोवा घेण्यात आला होता. मग अशा नोंदींचा अर्थ काय लावायचा?

हे विषाणू कोणते?

निरोगी माणसाच्या शरीरातही विषाणूंची कायमची वस्ती असते. आतड्यातील बहुतेक विषाणू जिवाणूंवर जगतात. रक्तात प्रामुख्याने ‘अ‍ॅनेलोव्हायरस’ आढळतात. त्यांपैकी ‘टॉर्क टेनो’ हा विषाणू १९९७ मध्ये जपानमध्ये एका काविळीच्या रुग्णात सापडला. तोच काविळीचे कारण असावा, असे सुरुवातीला वाटले. पुढे तो बहुसंख्य निरोगी प्रौढांतही आढळला आणि त्याच्यामुळे एखादा आजार होतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

बाळाला ते आईकडूनच मिळतात का?

जन्मानंतरच्या पहिल्या शीमध्ये विषाणू जवळपास नसतात. महिनाभरात मात्र प्रत्येक ग्रॅममागे त्यांची संख्या अब्जावर जाते. आधी जिवाणू आतड्यात वस्ती करतात आणि त्यांच्यात दडलेले विषाणू बाहेर पडतात, असे २०२० मध्ये ‘नेचर’मधील संशोधनात दिसले. माणसाच्या पेशींना ग्रासणारे विषाणू स्तनपान करणाऱ्या बाळांत कमी आढळले.

विषाणूशिवाय वार तयार झाली नसती?

मानवी जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग प्राचीन रेट्रोव्हायरसचे अवशेष आहे. त्यातील एका जनुकापासून ‘सिन्सिटिन’ हे प्रथिन बनते. त्यामुळे वारेतील पेशी एकमेकींत मिसळून सलग थर तयार होतो आणि त्यातूनच बाळाला पोषण मिळते.

मग काळजी कशाची करायची?

रुबेला, झिका, सायटोमेगॅलो, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू बाळाला इजा करू शकतात. २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींनाही झिकाची लागण झाली होती. रुबेला आणि झिका हे आरएनए विषाणू आहेत, तर एनआयपीटी फक्त डीएनए वाचते. त्यामुळे तिचा अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून हे संसर्ग नाहीत असे होत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांच्या वेगळ्या रक्तचाचण्या चुकवून चालत नाही. कारण हे संसर्ग वेळीच कळले, तर औषधांनी आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांत दिलेल्या हिपॅटायटिस बी लशीने धोका बराच कमी करता येतो.

थोडक्यात, विषाणू ‘आहे की नाही’ यापेक्षा तो ‘कोणता’ हा प्रश्न महत्त्वाचा. निरुपद्रवी विषाणूच्या नोंदीने घाबरून औषधे घेणे जितके चुकीचे, तितकेच एका महागड्या चाचणीवर विसंबून साध्या तपासण्या टाळणेही.