औषधाची चिठ्ठी म्हणजे वेडाचा दाखला नव्हे

अशिलाने खिशातून औषधाची चिठ्ठी काढायची आणि म्हणायचे, "वकीलसाहेब, सून वेडी आहे, हा घ्या पुरावा. आता पोराला घटस्फोट मिळेल ना?" कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात हे मी अनेकदा ऐकले आहे. अशाच एका चिठ्ठीवर लिथियमच्या गोळ्या लिहिलेल्या होत्या. सासरे सांगत होते, दोन महिने ती झोपतच नव्हती, पहाटे तीनला घर धुवायची, उसने पैसे काढून साड्या आणायची. पुढे तीच पोरगी आंघोळीलाही उठेना. आधी 'उधळी' म्हणून बोलणी खाल्ली, मग 'कामचुकार' म्हणून. मध्ये देवऋषीही झाला. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात!

हा स्वभाव नव्हे, आजार आहे. त्याला बायपोलर म्हणतात. नुसत्या नैराश्यात माणूस आठवडेच्या आठवडे खचलेला असतो. बायपोलरमध्ये खचण्याच्या काळाबरोबर उन्मादाचाही काळ येतो. झोप नको, बोलणे थांबत नाही, आपण काहीही करू शकतो असे वाटते, पैसा उडतो. या काळात रुग्णाला आपण आजारी आहोत हे पटत नाही. तो डॉक्टरकडे जातो खचल्यावर, आणि आधीच्या उन्मादाबद्दल घरचे कोणी बोलत नाही. मग केवळ नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात, त्यांनी काही जणांत उन्माद उसळतो. म्हणून डॉक्टरला दोन्ही काळ सांगितले पाहिजेत. लिथियम 1949 पासून या आजारावर वापरात आहे. मात्र ते चालू असताना रक्तातील पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉईड तपासत राहावे लागते, आणि 'बरे वाटतेय' म्हणून मनाने बंद करायचे नसते.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलरच्या शंभरातील सुमारे 70 आणि नैराश्याच्या सुमारे 85 रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. आपण जयंतीच्या शिबिरात रक्तदाब तपासतो, साखर तपासतो. मनाच्या डॉक्टरला किती मंडळांनी बोलावले?

आता कायद्याचे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 मध्ये (तो आपल्यालाही लागू आहे, ही खंत वेगळी) मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे खरे. पण विकार अशा प्रकारचा आणि इतका हवा की जोडीदाराने सोबत राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. आजाराचे नुसते नाव पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये रामनारायण गुप्ता प्रकरणात स्पष्ट केले. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर सांगतो की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकल मनाचा ठरत नाही. त्याच कायद्याने विमा कंपन्यांनाही मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरण्यास बांधले आहे. किती जणांनी आपली पॉलिसी त्या नजरेने वाचली?

सासऱ्यांना मी हे सारे सांगितले. 14416 हा टेलि-मानसचा मोफत क्रमांकही लिहून दिला. ते म्हणाले, "म्हणजे केस होत नाही म्हणा की." मी चिठ्ठी परत करताना पाहिले, रक्त तपासायची तारीख तिच्यावरच लिहिलेली होती. ती उलटून तीन आठवडे झाले होते.