पहिल्या अंकापासून वाचावं असं काही

9 ऑक्टोबर 2024 रोजी अमेरिकेतल्या दुकानांत ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चा पहिला अंक आला. त्यातला ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमॅन, गर्भश्रीमंत नाही. वडील शाळामास्तर, वर्गाची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना गोळीबारात त्यांचा जीव गेला. आई हयात आहे. ब्रूस स्वतः शहराची बांधकामं जाणणारा इंजिनिअर आहे. त्याच्याकडे ना वाडा, ना दिमतीला बटलर. आल्फ्रेड आहे, पण तो ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि गॉथम शहरात आलाय तो या वटवाघुळाच्या वेशातल्या माणसावर पाळत ठेवायला. लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार निक ड्रॅगोटा यांनी बॅटमॅनचा सगळा बडेजाव काढून घेतला, आणि गेल्या अनेक वर्षांतला सर्वात जिवंत बॅटमॅन वाचकांच्या हाती पडला.

अमेरिकन कॉमिक्स वाचायला घ्यावीत असं अनेकांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची इथेच गाडी अडते. सुपरमॅन 1938चा, बॅटमॅन 1939चा, वंडर वूमन 1941ची, स्पायडरमॅन 1962चा. इतक्या दशकांत कोण मेलं, कोण परत आलं, कोणाचं लग्न मोडलं याचा हिशेब ठेवणं जुन्याजाणत्या वाचकांनाही जड जातं. नवा वाचक सहाशेव्या अंकाला हात घालतो आणि चार पानांत तो मिटून ठेवतो. 2024पासून आलेल्या काही मालिकांनी ही अडचण मुळातूनच दूर केली आहे. त्या नव्या जगात घडतात, एक क्रमांकापासून सुरू होतात आणि आधीचं काहीही वाचलेलं असण्याची अट घालत नाहीत.

डीसी या प्रकाशनसंस्थेच्या ‘ॲब्सोल्यूट’ मालिकांमागची कल्पना साधी आहे. डार्कसाइड या महाखलनायकाच्या शक्तीतून घडलेलं हे विश्व. इथे व्यवस्था नायकांच्या विरोधात आहे आणि प्रत्येकाकडून त्याचा जन्मजात आधार हिरावून घेतलेला आहे. बॅटमॅनची संपत्ती गेली. पण त्याचे भावी शत्रू इथे त्याचे बालमित्र आहेत: वेलन जोन्स, ऑस्वल्ड कॉबलपॉट, हार्वी डेंट, एडवर्ड निग्मा. हीच या मालिकेतली सगळ्यात हुशार चाल आहे. पुढे ही माणसं काय होणार हे जगाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यांच्या साध्या गप्पा वाचतानाही पोटात कालवाकालव होते.

ड्रॅगोटाची पानं सावकाश पाहावीत. तो एकाच पानात लहान लहान चौकटींची दाटी करतो, वाचकाचा श्वास कोंडतो, आणि पान उलटलं की अख्खं पान व्यापणारा, खांद्यांनी आभाळ अडवणारा बॅटमॅन समोर उभा राहतो. त्याच्या छातीवरचं वटवाघळाचं चिन्ह नुसतं चिन्ह नाही. ते काढून घेतलं की कुऱ्हाडीचं पातं होतं. पैसा नसलेला माणूस अंगावरच्या प्रत्येक वस्तूचं हत्यार करतो, हे लेखकाने एका शब्दानेही सांगितलेलं नाही. चित्रच ते सांगतं. कॉमिक या माध्यमाची ताकद कशात आहे, असं कोणी विचारलं तर ही पानं पुढे करावीत.

मालिका सलग वाचायला वेळ नसेल, तर 2025 सालचा ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चा वार्षिक अंक एकटाही वाचता येतो. मुख्य कथा लिहिली आणि रेखाटली आहे डॅनियल वॉरन जॉन्सन यांनी. स्थलांतरितांवर तुटून पडणाऱ्या वर्णद्वेष्ट्या टोळीशी बॅटमॅनची गाठ पडते, एवढीच गोष्ट. राग आणि सूड यांतलं अंतर किती असतं हा प्रश्न जॉन्सन आडवळण न घेता विचारतात. हा अंक हिंसक आहे, मुलांच्या हातात देण्याजोगा नाही. मोठ्यांनी मात्र चुकवू नये.

‘ॲब्सोल्यूट वंडर वूमन’ही ऑक्टोबर 2024मध्येच सुरू झाली. लेखिका केली थॉम्पसन, चित्रं हेडन शर्मन यांची. ही डायना, म्हणजे वंडर वूमन, ॲमेझॉन स्त्रियांच्या बेटावर वाढलेली नाही. पाताळात, सर्सी या चेटकिणीने तिला लहानाची मोठी केलंय. तिच्या हातात माणसाएवढी तलवार आहे आणि बसायला पंख असलेल्या घोड्याचा सांगाडा. एवढं वाचून कोणालाही वाटेल की ही क्रूर योद्धा असणार. प्रत्यक्षात या सगळ्या नव्या नायकांमध्ये सर्वात मायाळू तीच आहे. तिच्या जादूला नेहमी काहीतरी मोल द्यावं लागतं, आणि स्टीव्ह ट्रेव्हर या परक्या माणसाला पाताळातून परत त्याच्या जगात पाठवण्यासाठी ती स्वतःचा हात अर्पण करते. सर्सी आणि डायना यांच्यातलं मायलेकीचं नातं हा मालिकेचा गाभा आहे. कॉमिक्ससाठीच्या 2025च्या आयस्नर पुरस्कारांत सर्वोत्तम नव्या मालिकेचा मान हिला मिळाला, तो योग्य जागी गेला.

‘ॲब्सोल्यूट सुपरमॅन’ लिहिणाऱ्या जेसन एरन यांनी क्रिप्टॉन ग्रहावरच वर्गभेद आणला आहे. काल-एलचं, म्हणजेच सुपरमॅनचं, घराणं तिथल्या कष्टकऱ्यांचं, आणि छातीवरचं ते जगप्रसिद्ध चिन्ह त्या वर्गाची खूण. कल्पना उत्तम, कथा मात्र पहिल्या काही अंकांत मागेपुढे फार उड्या मारते. ही मालिका वाचायच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

या सगळ्यांत चित्रकलेच्या दृष्टीने सर्वात धाडसी आहे ती मार्च 2025मध्ये सुरू झालेली ‘ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर’. हा नायक 1955चा, पण कायम दुसऱ्या फळीत राहिलेला. डेनिझ कॅम्प आणि हाविएर रॉड्रिगेझ यांनी त्याला पार बदलून टाकलं. जॉन जोन्स हा एफबीआयचा अधिकारी एका आत्मघाती बॉम्बस्फोटातून वाचतो आणि त्यानंतर त्याच्या डोक्यात एक परकी जाणीव राहायला येते. त्याला माणसांच्या मनातले विचार रंगीत धुरासारखे दिसू लागतात. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळ्या रंगाची वलयं. कोणाची भीती, कोणाची आठवण, कोणाचा द्वेष. रॉड्रिगेझ रेखाटनासोबत रंगकामही स्वतःच करतात, म्हणूनच हे जमलं. इथे रंग पुसला तर गोष्टच पुसली जाईल. आधी सहा अंकांची ठरलेली मालिका वाचकांच्या प्रतिसादामुळे बारा अंकांची करण्यात आली.

मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेच्या बाजूला जानेवारी 2024मध्ये सुरू झालेली ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ आधी वाचावी. लेखक जोनाथन हिकमन, मुख्य चित्रकार मार्को चेकेटो. इथला पीटर पार्कर पस्तिशीच्या आसपासचा आहे, मेरी जेनशी त्याचा संसार आहे, रिचर्ड आणि मे ही दोन मुलं आहेत. काका बेन जिवंत आहेत. पोरवयात चावायचा तो कोळी याला चावलेलाच नाही, कारण कोणीतरी इतिहासातच ढवळाढवळ करून ठेवली आहे. आता तो कोळी समोर आलाय आणि निवड पीटरच्या हातात आहे. घर, मुलं, नोकरी असताना माणूस असली जोखीम का घेईल? पहिला अंक या प्रश्नाचं उत्तर घाई न करता देतो.

या मालिकेचा चौथा अंक आवर्जून पाहावा. पीटर आणि मेरी जेन, हॅरी ऑसबॉर्न आणि त्याची बायको ग्वेन, अशी दोन जोडपी रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसतात, आणि अंकभर ती बोलतात. सुपरहिरोंच्या मासिक अंकात हाणामारी बाजूला ठेवून चौघांच्या गप्पांवर वीस पानं खर्च करायला हिंमत लागते. डेव्हिड मेसिना यांनी भुवया, ग्लास धरलेले हात, मध्येच तुटणारी नजर यांवर तो अंक तोलून धरला आहे. आणखी एक गोष्ट: अंक महिन्याने यायचा आणि कथेतही साधारण महिना उलटलेला असायचा. वाचकासोबत पात्रंही वाट पाहत असायची.

ही वाट पाहण्याची गंमत मराठी वाचकाला जुनीच. मार्च 1964मध्ये सुरू झालेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मराठीतूनही निघायची. वेताळ आणि मँड्रेक हे त्यांतले नायक कित्येक घरांत त्याच वाटेने शिरले. 1990मध्ये ती बंद पडली. त्या पिढीतले वाचक आज साठीच्या आसपास असतील. कॉमिक हा पोरखेळ नव्हे, हे त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

सुपरहिरोंचा मुळात कंटाळाच असेल, तर ऑगस्ट 2024मध्ये इमेज कॉमिक्सने आणलेली ‘द पॉवर फँटसी’ आहे. कीरन गिलन यांच्या या कथेत अफाट शक्तीची सहा माणसं आहेत. त्यांच्यातले कोणीही दोघे भांडले तर जग बेचिराख होईल, म्हणून त्यांना सतत बोलत राहावं लागतं. कॅस्पर वाइनगार्ड यांचे भडक, सुंदर रंग त्या बोलण्यातला ताण वाढवत नेतात. अण्वस्त्रांच्या काळातल्या राजकारणावर इतकं थेट लिहिलेलं कॉमिक अलीकडे दुसरं नाही.

एकेक अंक अमेरिकेत पाच डॉलरच्या घरात जातो. तो मागवणं परवडणारं नसेल, तर पुस्तकरूपातले संग्रह घ्यावेत. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’चे पहिले सहा अंक ‘द झू’ या नावाने, तर ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चे पहिले सहा ‘मॅरिड विथ चिल्ड्रन’ या नावाने एकत्र आले आहेत. एकच निवडायचं असेल तर घरात लहान मुलं असणाऱ्यांनी स्पायडरमॅन घ्यावा, बाकीच्यांनी वंडर वूमन. मात्र पुस्तक हाती आलं तरी एका बैठकीत संपवू नका. एक अंक वाचा, एक-दोन दिवस जाऊ द्या, मग पुढचा उघडा.