पत्रातले शकुन



गेले तीन आठवडे आमच्या अल ऐनच्या घरात एका तीन ओळींच्या ईमेलचा अर्थ लावणे चालू आहे. मुलीने अमेरिकेतल्या काही कॉलेजांत अर्ज केले आहेत. निकाल मार्चअखेर लागतील. त्यातल्या एका कॉलेजच्या आर्थिक मदत विभागाने कळवले की वडिलांचा पगाराचा दाखला आणि आयकर विवरणपत्र मिळालेले नाही, लवकर पाठवावे.

"घ्यायचंच नसतं तर कागद कशाला मागितले असते?" मुलगी म्हणाली. तिचे बाबा 'लवकर' या शब्दापाशी अडकले. आणि पत्रिका बघणाऱ्या नातेवाइकांशी आयुष्यभर वाद घालणारी मी, पत्र त्यांच्या कचेरीच्या वेळेत आले की मध्यरात्री, ते तपासत होते!

खरे तर प्रयोगशाळेत मी विद्यार्थ्यांना हेच शिकवते. एखादी खूण 'हो' आणि 'नाही' दोन्हीकडे सारखीच दिसत असेल, तर तिच्यातून काहीच कळत नाही. कागद अपुरे असलेल्या प्रत्येक अर्जदाराला असे पत्र जात असेल, तर प्रवेशाची शक्यता पत्रापूर्वी होती तेवढीच राहते. अशी पत्रे सहसा संगणकच पाठवतो. शिवाय अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे आमच्याकडे विवरणपत्रच नाही. आमची फाइल अपुरी दिसणारच होती.

पण स्वतःला हसून विषय संपत नाही. सुशिक्षित माणसेही शकुन बघू लागतात, कारण माहिती सगळी एकाच बाजूला असते. त्या कॉलेजला आमचा पगार, पुण्यातला फ्लॅट, बँकेतली शिल्लक, सगळे माहीत आहे. आम्हाला त्यांचे काय माहीत आहे?

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि 2022 पासून डार्टमथ, अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्यांचाही प्रवेश ठरवताना मदतीची गरज बघत नाहीत. याला 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली, ही गोष्ट निकालात धरली जाते. तसे त्या संस्था स्वतःच सांगतात. किती धरली जाते, ते मात्र क्वचितच सांगतात.

म्हणूनच एका मित्राने सल्ला दिला, "मदत नको असं लिहा. पहिलं वर्ष कसंही काढा, मग मागा." पण सुरुवातीला 'नको' म्हटलेल्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे मदत न देण्याचा नियम अनेक कॉलेजांत आहे. वर्षाचा खर्च 90 हजार डॉलरच्या आसपास. आमचा इथला मुक्काम नोकरीच्या व्हिसावर. नोकरी गेली तर काही महिन्यांत घर आवरायचे. आम्ही 'हवी' असे लिहिले. त्यामुळे मुलीची संधी कमी झाली का, हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि तेच सलत राहते.

1913 साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. अटी कडक होत्या. मुदत संपल्यावर 1917 साली त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. तिथेही राजाची मर्जी होतीच, पण रक्कम, मुदत आणि बंधन आधी कागदावर होते. आज आपल्या घरातला प्रत्येक रुपया मोजणाऱ्या संस्थांकडून निदान एवढी अपेक्षा ठेवावी: मदत मागणाऱ्या किती परदेशी मुलांनी अर्ज केले आणि किती जणांना प्रवेश मिळाला, हे दोन आकडे दरवर्षी जाहीर करा. आणि कागद मागणाऱ्या पत्रात पहिलेच वाक्य लिहा, की या पत्राचा प्रवेशाच्या निर्णयाशी संबंध नाही.

आपल्या बाजूनेही एक करता येईल. पैशाची गोष्ट आपण मुलांपासून लपवतो आणि शेवटी मदतीच्या अर्जावर सही करताना उघड करतो. परवा मी मुलीला आमचा सगळा हिशेब दाखवला. 'नाही' आले तर त्याचे कारण ती असेलच असे नाही, हेही सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग हे आधी का नाही सांगितलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. तुमच्या घरी ही गोष्ट कधी झाली? जरूर कळवा.