लाईट-पाण्यासकट खोली घेताना



मृग निघाला की दोन कामे एकदम अंगावर येतात. एक पेरणीचे, दुसरे मुलांच्या शिक्षणाचे. दहावी झालेली मुले तुळजापुरात शिकायला येतात आणि आईवडील खोली शोधत फिरतात. घरमालक सांगतो, “लाईट-पाण्यासकट भाडे, वेगळे काही नाही.” ऐकून बरे वाटते. पण शेत बटईने देताना आपण एवढ्यावर उठतो का? बियाणे कुणाचे, खत कुणाचे, मोटारीचे बिल कोण भरणार, हे आधी ठरवतो. खोलीचेही तसेच ठरवावे.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने मुलीसाठी अशीच खोली घेतली. अनामत दिली, कागद केला नाही. नवरात्रात भाविकांना खोली द्यायची म्हणून मुलीला गावी पाठवले. तिची सहामाही तेव्हाच होती. यात्रेच्या गर्दीत एस.टी. अडकली आणि एक पेपर बुडाला. पुढे उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे मागितले. बाप म्हणाला, “पाणी भाड्यातच होते ना?” मालक म्हणाला, “नळाचे होते, टँकरचे नव्हते.” दोघेही आपापल्या जागी खरेच बोलत होते. लिहिलेले मात्र काहीच नव्हते.

म्हणून पुढील गोष्टी पैसे देण्याआधी विचाराव्यात.

लाईट : १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. ७५ वॅटचा पंखा दहा तास फिरला तर पाऊण युनिट. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड अर्ध्या तासातच तेवढे खातो. म्हणजे महिन्याला साडेबावीस युनिट नुसत्या आंघोळीचे. तेव्हा रॉड, इस्त्री, शेगडी चालेल का, ते विचारावे. वेगळे मीटर असेल तर राहायला जाण्याच्या दिवशीचा आकडा आणि युनिटचा दर लिहून ठेवावा.

पाणी : नळ किती दिवसाआड येतो, टाकी केवढी आहे आणि उन्हाळ्यात टँकर कोणाच्या पैशाने, हे स्पष्ट करावे.

यात्रा : नवरात्र, कोजागिरी आणि चैत्री पौर्णिमेला खोली रिकामी करावी लागणार नाही, हे कबूल करून घ्यावे.

अंतर : खोलीपासून कॉलेजपर्यंत स्वतः चालून पाहावे, तेही दिवेलागणीला. लांबची खोली स्वस्त दिसते, पण रिक्षाला रोज ४० रुपये गेले तर २५ दिवसांत १००० होतात. त्यापेक्षा पायी जाण्याजोगी खोली ५०० रुपयांनी महाग पडली तरी परवडते. गाव जवळ असेल आणि एस.टी. वेळेवर येत असेल तर खोलीची गरज आहे का, याचाही विचार करावा. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळा-कॉलेजसाठी एस.टी.चा पास मोफत आहे.

शेवटचे सांगणे कागदाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भाड्यात काय आले, काय नाही, अनामत कधी परत मिळेल, हे त्यात लिहून घ्यावे. दरमहा पावती मागावी.

कागद मागितला म्हणजे अविश्वास दाखवला, असे मानू नका. सोयाबीन विकून उभी केलेली रक्कम आहे ती, आणि त्यावर लेकराचे वर्ष अवलंबून आहे.