मारामारी उचलली, वैर मागेच राहिले

२०२४ च्या नाताळात ‘बेबी जॉन’ प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावर पुढे काय घडणार हे अनेक प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते. मूळ तमिळ ‘थेरी’ २०१६ चा आणि त्याची हिंदीत डब केलेली प्रत कित्येकांनी घरबसल्या पाहिलेली. चित्रपट तिकीटबारीवर आपटला आणि ठरलेले निदान झाले : मूळ चित्रपट हाताशी असताना नक्कल कोण पाहणार? निदान चूक नाही. डब केलेला ‘पुष्पा’ आणि त्यापाठोपाठ ‘केजीएफ’चा दुसरा भाग हिंदी पट्ट्यात ज्या जोमाने चालले, त्यानंतर रिमेकचा जुना हिशेबच मोडला. पण या निदानाने रिकाम्या खुर्च्यांचा उलगडा होतो, पोकळ चित्रपटाचा होत नाही. मूळ चित्रपटाचे नावही न ऐकलेला प्रेक्षक रिमेक पाहून बाहेर येताना ‘मारामारी जोरदार, पण मन लागले नाही’ असे म्हणतो, त्याचे काय?

ॲक्शन चित्रपटातील मारामारी ही वसुली असते. आधीच्या तासाभरात अपमान, भीती, हतबलता यांचे जे कर्ज साचते, ते नायक एका फटक्यात वसूल करतो. रिमेक करणारे वसुली तेवढी विकत घेतात. कर्जाचा तपशील त्यांना कंटाळवाणा वाटतो. तो बहुधा एखाद्या गावाचा, एखाद्या धंद्याचा, एखाद्या घराण्याचा असतो, आणि चित्रपट ‘सर्वांना कळेल असा’ करण्याच्या नादात पहिली कात्री त्यालाच लागते.

लोकेश कनगराज यांचा ‘कैथी’ (२०१९) घ्या. दहा वर्षे तुरुंगात काढलेला दिल्ली नावाचा कैदी कधीही न पाहिलेल्या मुलीला भेटायला निघालेला असतो. विषबाधा झालेल्या पोलिसांना ट्रकमधून रुग्णालयात पोहोचवण्याचे ओझे त्याच्या गळ्यात पडते. एकच रात्र, नायिका नाही, गाणी नाहीत. पत्नीची कहाणी तो उभ्या उभ्या सांगतो. कॅमेरा कार्तीच्या चेहऱ्यापाशी थांबतो आणि न दिसलेली ती बाई प्रेक्षक आपल्या मनात रंगवतो. ‘भोला’त (२०२३) अजय देवगण यांनी (नायकही तेच, दिग्दर्शकही तेच) तिला गाण्यासह पडद्यावर आणले, थ्रीडी आणले, मारामाऱ्या वाढवल्या. पैसा कमी पडला असे कुठेच दिसत नाही. पण दिल्लीची ताकद हळूहळू उघड होते, भोला मात्र तुरुंगातूनच महानायक होऊन बाहेर पडतो. ज्याचे काही बिघडणार नाही अशी खात्री आहे, त्याची काळजी कोणी का करावी? ‘कैथी’तील मला सर्वांत आवडलेला भाग तर नायकावाचूनच घडतो. नुकताच हजर झालेला वयस्क शिपाई मूठभर विद्यार्थ्यांना हाताशी धरून आयुक्तालयाची दारे आतून लावून घेतो. जॉर्ज मरियन यांचा तो किरकोळ अंगाचा, घाबरलेला नेपोलियन विसरता येत नाही. हिंदीत ते काम संजय मिश्रा यांनी चांगले केले आणि ‘भोला’तही लक्षात राहतो तो बहुतांशी तोच भाग.

‘विक्रम वेधा’चे उदाहरण याहून चमत्कारिक. २०१७ चा तमिळ आणि २०२२ चा हिंदी, दोन्हींचे दिग्दर्शक पुष्कर-गायत्री हेच. पटकथाही जवळजवळ तीच. विजय सेतुपती यांचा वेधा स्वतःच्या पायांनी पोलिसांपुढे येतो तेव्हा शेजारच्या गल्लीतला कोणी वाटतो, आणि म्हणूनच धडकी भरते. हृतिक रोशन आल्याक्षणी हृतिक रोशनच असतात. कथा लखनौ-कानपूरची, चित्रीकरणाचा एक टप्पा मात्र अबू धाबीतला.

मराठी वाचकाला हे सारे अधिक जवळून तपासता येते, कारण यातले एक मूळ आपल्या भाषेतले आहे. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) हा पुण्याच्या वेशीवरच्या जमिनीचा चित्रपट. जमीन विकली, पैसा संपला, शेताचा मालक हमालीला लागला आणि मुलाने कोयता उचलला. ओम भूतकर यांच्या राहुलचा प्रत्येक वार त्या गेलेल्या सातबाऱ्यापर्यंत मागे नेता येतो. महेश मांजरेकर यांनी २०२१ मध्ये त्याचाच ‘अंतिम’ केला. पुणे तेच, जमिनीचा धागाही तोच. त्यामुळे कथा मातीपासून तोडली, हा नेहमीचा आरोप येथे चालणार नाही. बदलला तो भार. मूळ चित्रपटात उपेंद्र लिमये यांचा पोलीस अधिकारी कथेच्या एका कडेला उभा राहू शकतो. त्या जागी सलमान खान आले, आणि सलमान खान कडेला उभे राहू शकत नाहीत. बाप-लेकातील ताण मागे सरला, अधिकारी आणि गुंड यांची उघड्या अंगाची झुंज पुढे आली. प्रश्न जमिनीचा होता, उत्तर दंडाच्या स्नायूंचे मिळाले. गंमत अशी की लिमये ‘अंतिम’मध्येही आहेत, फक्त या खेपेस गुंड नान्याभाईच्या भूमिकेत.

मग रिमेक जमतच नाही काय? जमतो, आणि त्याचा दाखला गोव्यातलाच आहे. (‘दृश्यम’ही गोव्यात रुजला, पण तो मारामारीचा चित्रपट नव्हे.) हरी यांचा तमिळ ‘सिंगम’ २०१० चा, रोहित शेट्टी यांनी पुढच्याच वर्षी ‘सिंघम’ केला. नल्लूरचा दुराई सिंगम गोवा-महाराष्ट्र सीमेवरील शिवगडचा बाजीराव झाला आणि चेन्नईऐवजी गोव्यात बदलून आला. एवढ्यावर ते थांबले नाहीत. खोट्या आरोपामुळे जीव देणारा निरीक्षक कदम मूळ चित्रपटात नाही. शेट्टींनी त्याला आरंभीच आणले आणि सोनाली कुलकर्णी यांनी साकारलेल्या त्याच्या पत्नीचा न्यायाचा हट्ट चित्रपटभर जागा ठेवला. शेवटी पोलीस दल खलनायकावर चालून जाते ते त्या मरणाच्या हिशेबासाठी. उसन्या वसुलीला स्वतःचे कर्ज मिळाले. प्रकाश राज दोन्हीकडे खलनायक आहेत, पण त्यांचा जयकांत शिक्रे ही मूळ भूमिकेची छायाप्रत नाही. जोडीला अशोक सराफ, सचिन खेडेकर आणि मध्येच उसळणारी मराठी. वास्तव म्हणून तो गोवा कोणी गोवेकर स्वीकारणार नाही; गाड्या अशा उडवायला इतके रुंद रस्ते आहेत कुठे, असे मडगावकर विचारील. तरी त्या चित्रपटाला पत्ता होता. इतका, की कर्नाटकाच्या सीमेचा उल्लेख असलेल्या एका संवादावरून कन्नड संघटना रस्त्यावर उतरल्या आणि तो वगळावा लागला, हे बेळगावच्या वाचकांना आठवत असेल. ज्या चित्रपटाला गावच नसते, त्याच्यावर असे कोणी रागावत नाही.

त्याच बाजीरावाचा ‘सिंघम अगेन’ २०२४ च्या दिवाळीत आला. कथा काश्मीरपासून श्रीलंकेपर्यंत पोहोचली, रामायणाची चौकट आली, पाहुण्या ताऱ्यांची रांग लागली. बाजीरावाचे वैर या वेळी नेमके कोणाशी आणि कशासाठी होते, हे आठवायला मात्र थोडा वेळ लागतो.