अख्खी बोट घ्या, पण नाखवा होऊ नका

थंडी पडू लागली की घाटावरच्या घराघरांत मालवणची चौकशी सुरू होते. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, तारकर्लीला राहायचं, ताजं मासळीचं जेवण जेवायचं आणि पाण्यात तोंड घालून मासे बघायचे, असा बेत ठरतो. त्या शेवटच्या प्रकाराला स्नॉर्कलिंग म्हणतात, हे आता लहान पोरांनाही ठाऊक आहे. अलीकडे या चौकशीत एक नवा प्रश्न आलाय. 'गर्दीत नको, आपल्यापुरती वेगळी बोट मिळेल का?'

मिळते. माझं मत विचाराल, तर जमत असेल त्यांनी ती जरूर घ्यावी. यावर काही मित्र नाक मुरडतात. वेगळी बोट म्हणजे पैशाचा माज, असं त्यांना वाटतं. माज होऊ शकतो, हे खरं. पण तो बोट घेण्यात नसतो, बोटीवर चढल्यावर आपण कसे वागतो त्यात असतो. मला सांगायचंय ते एवढंच, की अख्खी बोट घेताना आपण वेळ विकत घ्यावा, हुकूम विकत घेऊ नये.

आधी गर्दीच्या बोटीचं गणित समजून घेऊ. तिथे दर माणशी असतो आणि कमाई फेऱ्यांवर असते. बोट भरायची, किल्ल्याजवळच्या खडकांपाशी न्यायची, एकेकाला मास्क आणि नळी लावून पाण्यात उतरवायचं, थोड्या वेळात बाहेर काढायचं आणि पुढची खेप आणायला किनाऱ्यावर परतायचं. पाण्यात उतरलेल्या माणसाला श्वास जमेपर्यंत त्याची पाळी संपते. त्याला काहीतरी दिसलंच पाहिजे, म्हणून ब्रेडचा तुकडा पाण्यात कुस्करला जातो. पट्ट्यापट्ट्यांचे मासे झुंबड करून येतात, कॅमेरा चालू होतो, व्हिडिओ तयार. माणूस खूश, बोटवाला मोकळा.

यात बोटवाल्याला दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. मालवण-देवबागच्या किनाऱ्यावरची ही माणसं मुळात मच्छीमार. रापण ओढणारी आणि छोट्या होड्यांनी मासेमारी करणारी. मोठ्या यांत्रिक जाळ्यांनी समुद्र उपसायला सुरुवात केल्यावर त्यांच्या वाट्याची मासळी घटली. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून तिथे किती संघर्ष झाला, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे. पर्यटन हा त्यांनी शोधलेला दुसरा घास आहे. तोही वर्षभराचा नाही. पावसाळा जवळ आला की प्रवासी बोटी बंद होतात, त्या पार पाऊस सरेपर्यंत. बोटीच्या इंजिनाचं कर्ज मात्र पावसाळ्यात थांबत नाही. मग चालू दिवसांत जितक्या फेऱ्या तितकी कमाई, हे त्याने धरलं तर नवल काय? आपणच माणशी दरात घासाघीस करतो आणि मग घाई केली म्हणून तक्रारही आपणच करतो.

या घाईची किंमत पाण्याखाली मोजली जाते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातला समुद्र म्हणजे नुसते खडक आणि पाणी नव्हे. १९८७ साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्यात किल्ल्याभोवतालचा नि पद्मगडाजवळचा भाग येतो. हे अभयारण्य आपल्या मासेमारीवर गदा आणेल, या भीतीने स्थानिकांनी त्याला विरोधही केला होता. त्या पाण्यात खडकांना धरून प्रवाळ वाढतं. आपण अंगठीत घालतो त्या पोवळ्याचा हा गोतावळा. खडकासारखं दिसतं म्हणून लोक त्यावर बिनधास्त पाय देतात. पण तो खडक नव्हे, हजारो बारीक जिवांची वस्ती आहे. गोलसर दगडासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण एखाद्या सेंटीमीटरने मोठी होतात. म्हणजे दम लागला म्हणून आपण ज्याच्यावर क्षणभर उभे राहतो, तो डोक्याएवढा गोळा कदाचित आपल्या मुलाच्या वयाचा असतो. २००१ पासून या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघाला जे संरक्षण, तेच याला. वाघाच्या पाठीवर उभं राहून फोटो काढायची कुणाची छाती नाही, इथे मात्र रोज काढले जातात.

ब्रेडचंही तसंच. माशांना खाऊ घालणं हे आपल्याला पुण्याचं वाटतं. पण प्रवाळावर साचणारं शेवाळ खरवडून खाणं हे अनेक माशांचं रोजचं काम आहे, आणि त्यावरच प्रवाळाचा श्वास मोकळा राहतो. फुकटचं मैद्याचं मिळू लागलं की मासे बोटीच्या इंजिनाच्या आवाजाची वाट बघू लागतात. दांडगे मासे गर्दी करतात, बुजरे लांब जातात. आपण समुद्र बघायला गेलेलो असतो आणि बघून येतो ते भिकेला लावलेले मासे.

एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरातली प्रवाळं तापलेल्या पाण्यामुळे पांढरी पडण्याची ही चौथी जागतिक लाट आहे. समुद्राचं तापणं आपल्या सुट्टीतल्या चार दिवसांत थांबणार नाही. पण आपला पाय उचलणं आपल्या हातात आहे, आणि ब्रेडची लादी घरी ठेवणंही.

म्हणून वेगळी बोट. तासांच्या हिशेबाने ठरवलेली. बोटवाल्याला फेऱ्यांइतकीच कमाई मिळाली की त्याची घाई संपते. घाई संपली की तो शिकवू शकतो. मास्कमधून पाणी कसं काढायचं, नळीतून सावकाश श्वास कसा घ्यायचा, दमल्यावर खडकावर उभं न राहता पाठीवर तरंगायचं कसं. पंधरा मिनिटं नुसतं तरंगत राहिलं की मासे आपोआप दिसू लागतात. ब्रेड लागत नाही.

दुसरं कारण आमच्या घरांतल्या बायकांचं आहे, आणि ते फक्त आमच्या समाजाचं नाही. गर्दीच्या बोटीवर बहुतेक बायका फोटो काढायला आणि पर्स सांभाळायला असतात. नवरा पाण्यात, मुलं पाण्यात, ही बोटीत. भिजल्यावर अंगाला चिकटणारे कपडे, अनोळखी पुरुषांच्या नजरा, कपडे बदलायला आडोसा नाही. मग 'मला काही हौस नाही' असं म्हणून ती विषय संपवते. हौस नसते असं नाही, सोय नसते. आमच्याकडे या न उतरण्याला मजहबचं कारण चिकटवायची घाई असते, आणि बाहेरच्यांना ते पटतंही लगेच. पण शेजारच्या बोटीतल्या साडीतल्या काकूही तशाच काठाला धरून बसलेल्या असतात. त्यांचं काय?

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन घरांनी मिळून एक बोट ठरवली. आमच्या खाला साठी ओलांडलेल्या. सैल सलवार-कमीज, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी आणि वर लाईफ जॅकेट, अशा त्या शिडीवरून उतरल्या. कुणी बघणारं नव्हतं, कुणी 'चला लवकर' म्हणणारं नव्हतं. रबरी चाकाला धरून त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही. आम्ही घाबरलो. बोटीवरचा पोरगा म्हणाला, बघू द्या त्यांना, श्वास बरोबर चाललाय.

अंगभर कपड्यांचा आणखी एक फायदा आहे, तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. उन्हाची मलमं फासून आपण पाण्यात उतरतो, तेव्हा त्यातली काही रसायनं पाण्यात मिसळतात. प्रवाळाला त्यांचा त्रास होतो या काळजीने हवाई बेटांनी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी घातली. पलाऊ या छोट्या देशाने त्याच्या वर्षभर आधीच पाऊल उचललं. पूर्ण बाह्यांचा, मानेपर्यंतचा पोहण्याचा पोशाख घातला की अशा मलमाची गरज फारशी उरत नाही. जगभरचे पाणबुडे असेच अंगभर कपडे घालतात. २०१६ साली फ्रान्समधल्या काही किनाऱ्यांवर ज्या बुर्किनीवरून गदारोळ झाला, ती आणि पाणबुड्यांचा पोशाख यांच्यात डोकं झाकण्यापलीकडे फारसा फरक नाही. कुणी लाजेसाठी घालो, कुणी उन्हासाठी, समुद्राचं त्यात भलंच आहे. कपडे मात्र पोहण्यायोग्य हवेत. पाणी पिऊन जड होणारा बुरखा किंवा पायात अडकणारी साडी जिवाशी खेळ करते.

आता त्या 'पण'कडे येतो. अख्खी बोट घेतली की काहींच्या डोक्यात मालकी शिरते. अजून पुढे चल, डॉल्फिनच्या मागे लाव, जॅकेट नको फोटो खराब येतो, दहाची सोय असली तरी आम्ही चौदा बसतो, घरचेच तर आहोत. पैसे मोजलेत ना?

कोकणात बोटीच्या धन्याला नाखवा म्हणतात. हा शब्द फारसी नाखुदावरून आला. नाव म्हणजे बोट, आणि खुदा म्हणजे धनी. आपल्या किनाऱ्यावर असे शब्द खूप आहेत. बंदर, दर्या, खलाशी, सारंग. शिवरायांच्या आरमारात दर्यासारंग होता, दौलतखान होता. किनाऱ्यावर नावं, जाती, धर्म काहीही असोत, पाण्यावर सगळ्यांची भाषा एक होती, आणि त्या भाषेत बोटीचा खुदा ठरलेला होता. भाडं देणारा कधीच नव्हता.

आमच्या त्या फेरीतही हा प्रसंग आला. दोन ठिकाणं झाली होती, देवबागचा संगम बघायचा राहिला होता. दुपार कलू लागली तसा तांडेल आभाळाकडे आणि पाण्याकडे बघून म्हणाला, 'वारो सुटलो हा, आता परतूक व्हया.' माझा पुतण्या हुज्जत घालू लागला. आपण पूर्ण दिवसाचे पैसे दिलेत, लाटा तर दिसतही नाहीत. तांडेलाने उत्तर दिलं नाही, बोट वळवली. आम्हाला दिसत नव्हतं ते त्याला दिसत होतं, आणि आम्ही त्याला पैसे नेमके त्याचेच दिले होते.

हे विसरलं की काय होतं, ते महाराष्ट्राला सांगायची गरज नसावी. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला मुंबईच्या समुद्रात नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, त्यात डझनाहून जास्त माणसं गेली. दोन्ही घटनांची कारणं वेगळी. पण शिकायचं ते एकच, की पाण्यावर सगळं सुरळीत आहे असं वाटत असतानाच अंगात जॅकेट असावं लागतं. बोट बुडू लागल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. चार माणसांसाठी एक बोट फिरवणं म्हणजे डिझेलची नासाडी, आणि सगळ्यांनीच असं केलं तर किल्ल्याभोवती बोटींचीच जत्रा भरेल. उपाय साधा आहे. दोघांसाठी बोट घेऊ नका. दोन-तीन घरं एकत्र या, परवान्यात जेवढी माणसं लिहिलीत तेवढी पुरी करा, खर्च वाटून घ्या. मग ती श्रीमंतांची चैनही राहत नाही. लग्नाच्या एका जेवणावळीत आपण किती उधळतो, हे आठवलं तर तीन घरांना मिळून अर्धा दिवस बोट परवडू नये असं नाही.

ठरवताना भावाच्या आधी चार गोष्टी विचारा. बोटीचा परवाना आहे का आणि किती माणसांचा? लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? पाण्यात सोबत कोण उतरणार, आणि बायकांसाठी एखादी बाई मिळेल का? शेवटचा प्रश्न ऐकून बोटवाले हसतात, पण विचारत राहा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. खाडीत जमतं ते मालवणच्या पाण्यातही जमेल, मागणी करणारं गिऱ्हाईक हवं.

आणि दोन गोष्टी तुम्ही सांगा. ब्रेड टाकू नका, आणि डॉल्फिनचा पाठलाग करू नका. दिसला नाही तरी ठरलेले पैसे पूर्ण देऊ, हेही त्याच वेळी सांगा. हे वाक्य ऐकल्यावर तांडेलाचा चेहरा बदलतो. डॉल्फिन दाखवलाच पाहिजे ही टांगती तलवार गेली की तो इंजिन बंद करून थांबायला तयार होतो, आणि पुष्कळदा डॉल्फिन अशाच वेळी जवळून जातात.

आमच्याकडे अमानत म्हणून एक शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे सांभाळायला दिलेली असते, ती वापरली तरी जशी होती तशी परत करायची. भाड्याची बोट संध्याकाळी धक्क्याला लागते तेव्हा आपण ती परत करतोच, नाहीतर अनामत रक्कम अडकते. समुद्रासाठी कुणी अनामत घेत नाही. म्हणून तो जसा होता तसा ठेवून येण्याची जबाबदारी आणखी जास्त.