हिरोचं नाव काय?

इन्स्टावर हा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. सुरकुतलेला चेहरा, मागचा बाजार ब्लर, रंग काढून ब्लॅक अँड व्हाइट केलेला. खाली कॅप्शन: ‘या शहराचा खरा हिरो’. कोपऱ्यात फोटोग्राफरचं नाव, वॉटरमार्कसकट. हिरोचं नाव कुठेच नाही.

मला या फोटोंचा राग येतो. ते वाईट असतात म्हणून नाही, उलट बरेचदा फार देखणे असतात. पण त्या देखणेपणात बाकीचं सगळं धुऊन निघतं. हा माणूस उन्हात का बसलाय, कुणासाठी राबतोय, त्याच्या हातात किती पडतात, काही कळत नाही. उरतं फक्त हसू. ‘इतक्या कष्टातही बघा कसा हसतोय!’ अहो, समोर कॅमेरा धरलाय म्हणून हसतोय तो.

याउलट मुंबईतल्याच सुधारक ओलवे यांचं काम बघा. त्यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. मॅनहोलमध्ये उतरलेला, कचऱ्याच्या ढिगात उभा असलेला माणूस त्यात दिसतो. तेही ब्लॅक अँड व्हाइटच. पण ते बघून ‘काय एक्स्प्रेशन आहे!’ म्हणायला जीभ रेटत नाही, कारण फोटोच आपल्याला विचारायला लागतो. या माणसाला कामावर कुणी ठेवलंय? तर तुमच्या-आमच्या करावर चालणाऱ्या पालिकेनं. आणि या कामात जवळपास सगळे दलितच कसे? ओलवेंना २०१६ साली पद्मश्री मिळाली. फोटोतल्या प्रश्नांचं काय झालं, ते कुठल्याही मॅनहोलपाशी उभं राहून बघता येईल.

नाव न विचारण्याची खोड मात्र जुनी आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रजांनी ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही, जात किंवा जमात आहे. सोबत त्या अख्ख्या जमातीच्या स्वभावावर शेरेही. आपण ‘चहावाले काका’, ‘भाजीवाली मावशी’ असं लिहितो तेव्हा वेगळं काय करतो? काका-मावशी म्हटल्यानं नातं जुळत नाही, नमुना गोंडस होतो इतकंच.

डोरोथिया लँगचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो १९३६ चा, कॅलिफोर्नियातला. जगभर गाजला. त्यातल्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे लोकांना कळायला १९७८ उजाडलं. आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, साधं नावही विचारलं नाही, अशी तिची तक्रार होती. आपल्याकडेही कायद्यानं फारसं वेगळं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. चेहरा ज्याचा, त्याचा त्या हक्कात वाटा नाही.

यावर फोटोग्राफर मित्रांचं ठरलेलं उत्तर असतं: नाव विचारलं की माणूस सावध होतो, पोझ देतो, सहजपणा जातो. जाऊ दे की! तुम्ही स्वतःच्या प्रोफाइल फोटोसाठी चाळीस सेल्फी काढून एक निवडता, आणि त्यानं शर्टाचं बटणही लावायचं नाही? तालुक्याच्या गावातल्या जुन्या स्टुडिओत लोक केस चापून बसवून, कधी स्टुडिओतलाच कोट चढवून बसायचे. फोटो ताठ यायचे, मान्य. पण पैसे तेच देत, कसं दिसायचं तेही तेच ठरवत, आणि प्रिंट त्यांच्याच भिंतीवर लागायची.

काहींना नाव नकोच असतं, हे खरं. परवाना नसलेला फेरीवाला असेल, पगारावरून मालकिणीशी बिनसलेली कामवाली असेल. मग लपवा नाव, हवं तर चेहराही. पण हे तिला विचारून ठरवा. कॅप्शन आधी वाचून दाखवा, मग पोस्ट करा. एका छोट्या प्रिंटचा खर्च वडापावइतका आहे, आणि लेन्सचा किती, ते तुम्हाला माहीत आहे.

हल्ली असा ‘खरा हिरो’ दिसला की मी कमेंटमध्ये त्याचं नाव विचारते. बहुतेकदा हार्ट येतो. एकानं मात्र प्रामाणिकपणे लिहिलं, ‘ताई, लाइट चांगला होता, घाईत काढला.’